थांबल्यानंतरचं मिनिट

आमच्या सोसायटीच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे. सुरतेच्या बमरोलीत आता असे प्लॉट थोडेच उरलेत. सकाळी साडेपाचला तिथे पंधरा-वीस पोरं-पोरी पळायला जमतात. बहुतेक आमच्याच लोकांची, म्हणजे धुळे, नंदुरबार, जळगावकडून ताप्ती लाईनच्या गाडीने येऊन उधन्याला उतरलेल्या घरांतली. कुणाचा बाप पांडेसरा जीआयडीसीतल्या कापड मिलमध्ये जेट मशीनवर, कुणाचा स्टेंटरवर, कुणाचा लूम्सच्या खात्यात बारा तासांच्या पाळीत. आया घरी साड्या आणतात, लेस लावतात, टिकल्या चिकटवतात. पोरांचं लक्ष मात्र खाकी वर्दीकडे. गुजरात पोलिसांत लोकरक्षक व्हायचं तर मुलांना २५ मिनिटांत ५,००० मीटर आणि मुलींना साडेनऊ मिनिटांत १,६०० मीटर पळून दाखवावं लागतं. शिरपूरकडच्या माझ्या भाचीला हे सांगितलं तेव्हा तिला खरंच वाटेना. महाराष्ट्र पोलिसांच्या भरतीत मुलींना ८०० मीटर असतं, इथे बरोबर दुप्पट.

आमच्या थोरलीने २०२४ च्या उन्हाळ्यात ठरवलं की यंदा भरतीला उतरायचं. पहाटेचा अंधार, रस्त्यावर कुत्री, म्हणून मी सोबतीला जाऊ लागलो. दोन दिवस नुसता उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी वाटलं, उभं राहण्यापेक्षा आपणही पळावं. तेव्हा मी ४७ वर्षांचा होतो. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. मुलांना वर्गात जागच्या जागी उड्या मारायला लावायच्या, आधीची नाडी आणि नंतरची नाडी मोजायला लावायची, दोन्ही आकडे फळ्यावर लिहायचे, हा पाठ मी वीसेक वर्षं घेत आलोय. नंतरचा आकडा वाढतो, एवढं वहीत उतरलं की पाठ संपायचा. वाढलेला आकडा खाली कसा येतो, किती वेळात येतो, हे मुलांना मोजायला लावायचं माझ्या कधी मनात आलं नाही. मला जे सांगायचंय ते सगळं त्या राहून गेलेल्या भागातलं आहे.

पळायला लागून चार-पाच दिवस झाले असतील. प्लॉटची एक फेरी आम्ही टेपने मोजून २०० मीटरची आखली होती, आठ फेऱ्या म्हणजे १,६०० मीटर. त्या दिवशी शेवटची फेरी मी पोरांच्या बरोबरीने जोरात मारली आणि थांबलो तसा विटांच्या ढिगावर बसलो. मनगटावरच्या घड्याळात १७८ दिसत होतं. छाती इतकी धडधडत होती की बनियन हलताना दिसायचं. आणि मग डोळ्यांपुढे अंधारी आली. आवाज लांबून यायला लागले, कपाळावर गार घाम फुटला. लेकीने मला तिथेच मातीत आडवं केलं आणि माझे पाय उचलून विटांवर ठेवले. हे तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे, पण तिने नेमकं तेच केलं. मिनिटभरात डोळे स्वच्छ झाले.

भोवती जमलेल्यांपैकी एक पोरगा म्हणाला, "सर, तुमचं वय किती? सत्तेचाळीस? दोनशेवीस वजा वय केलं की एकशे त्र्याहत्तर. तुम्ही लिमिटच्या वर गेलात."

हे ऐकून मी जास्तच घाबरलो. २०२३ च्या नवरात्रीत गुजरातमध्ये गरबा खेळता खेळता माणसं कोसळून गेल्याच्या बातम्या आम्ही सगळ्यांनी वाचल्या होत्या. त्यात तरुण पोरंही होती. घरी आल्यावर बायकोला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "आज शाळेत जायचं नाही. आधी डॉक्टर."

आमचे डॉक्टर उधन्यात बसतात. त्यांनी ईसीजी काढला, बीपी पाहिलं, साखर तपासली. सगळं ठीक होतं. तरी चाळिशी उलटलेला माणूस एकाएकी पळायला लागला आणि त्याला अंधारी आली, तर नीट बघून घेतलेलं बरं, म्हणून त्यांनी टीएमटीला, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासायला पाठवलं. पट्ट्यावर आधी सपाटीला चालत, मग चढावर चालत, शेवटी जवळजवळ पळत मी नऊ-दहा मिनिटं काढली. पट्टा थांबला. मी छातीवरच्या वायरींना हात घातला तर तिथला तंत्रज्ञ म्हणाला, "काका, थांबा. अर्धी तपासणी आत्ता सुरू होतेय."

पुढची पाच-सहा मिनिटं तो माझ्याकडे बघतही नव्हता, पडद्याकडे बघत होता. यंत्रातून कागदाची पट्टी सरकत होती आणि माझा आकडा उतरत होता. १६८, १४९, १३५, १२०. अर्धी तपासणी आत्ता सुरू होतेय, हे त्याचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

रिपोर्ट चांगला आला. तो घेऊन मी डॉक्टरांपुढे बसलो आणि मनातलं सगळं विचारून घेतलं. ते २२० वजा वय म्हणजे काय? डॉक्टर म्हणाले, नाडी जास्तीत जास्त किती वर जाऊ शकते याचा तो ढोबळ अंदाज आहे. १९७१ च्या सुमारास अमेरिकेतल्या संशोधकांनी तोवरच्या निरनिराळ्या अभ्यासांतले आकडे एकत्र मांडले आणि त्यातून एक सोपी रेघ काढली. २००१ मध्ये जास्त काळजीपूर्वक काढलेलं सूत्र आलं: वयाला ०.७ ने गुणायचं आणि येईल ते २०८ मधून वजा करायचं. माझ्या वयाला दोन्हींची उत्तरं जवळजवळ सारखीच येतात, १७३ आणि १७५. पण ही झाली सरासरी. एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो, कधी त्याहूनही जास्त. "तुमचं हृदय १७८ पर्यंत जातं, इतकंच यातून कळलं," ते म्हणाले. "आकडा ओलांडला म्हणून काही तुटत नाही."

मग अंधारी का आली? पळताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात आणि सुटतात. दर आवळण्यासरशी पायांतलं रक्त शिरांमधून वर ढकललं जातं. पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते याचसाठी. त्याच वेळी पायांतल्या रक्तवाहिन्या चांगल्या रुंदावलेल्या असतात. माणूस पळता पळता एकदम थांबून बसला की पोटरीचं ढकलणं बंद पडतं, रक्त पायांत साचतं, हृदयाकडे परत येणारं रक्त घटतं, रक्तदाब घसरतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. माझं थांबणं चुकलं होतं. शेवटच्या फेरीनंतर पाच मिनिटं नुसतं चालत राहिलो असतो तरी ही वेळ आली नसती.

आणि नाडी खाली येते ती कशाने? हे ऐकताना मला माझ्या वीस वर्षांच्या पाठाची आठवण होत होती. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, सायनस नोड. ठोक्यांचा ठेका तो धरतो. त्याला एकट्याला सोडलं तर तो मिनिटाला साधारण शंभराचा ठेका धरेल. बसल्या जागी आपली नाडी सत्तरच्या आसपास असते, कारण मेंदूकडून आलेली व्हेगस नावाची चेता त्याला अखंड आवरून धरते, गाडीवान बैलांचा कासरा आवळून धरतो तशी. आपण पळायला लागलो की आधी हा कासरा सैल होतो, आणि शंभरपर्यंतची वाढ बरीचशी तेवढ्यानेच होते. त्यापुढे दुसऱ्या चेता आणि ॲड्रिनलिन मिळून हृदयाला पळवतात. थांबलो की पहिल्या मिनिटात जी मोठी घसरण होते ती मुख्यतः कासरा पुन्हा आवळला गेल्याची. रक्तातलं ॲड्रिनलिन ओसरायला आणि तापलेलं अंग निवायला वेळ लागतो, म्हणून त्यापुढची उतरण संथ असते. व्हेगस आपलं काम एका रसायनाच्या हातून करते, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवलं. एका हृदयाची व्हेगस उत्तेजित केली तसं ते मंदावलं, त्याच्या संपर्कातला द्रव काढून दुसऱ्या हृदयावर सोडला, तर तेही मंदावलं. ही गोष्ट मी आता वर्गात सांगतो आणि मुलं कान देऊन ऐकतात.

त्या पहिल्या मिनिटाला एवढं महत्त्व का, तेही डॉक्टरांनी सांगितलं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी तपासणीसाठी आलेल्या २,४२८ माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ट्रेडमिलवरचा जोर संपल्यावर पहिल्या मिनिटात ज्यांची नाडी १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनी उतरली, त्यांच्यात पुढच्या सहा वर्षांत मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त निघालं. "पण घरी मोजून स्वतःचं भविष्य सांगत बसू नका," हेही त्यांनी बजावलं. तो अभ्यास बहुतेक पन्नाशी-साठीच्या, हृदयाची तपासणी करायला पाठवलेल्या माणसांचा होता. आपण त्यातून एवढंच घ्यायचं की नाडी किती वर गेली यापेक्षा ती किती लवकर उतरली, यात शरीर जास्त बोलतं.

मग त्यांनी मला एक काम दिलं. घड्याळावर विसंबायचं नाही, बोटाने मोजायचं.

हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. तर्जनी आणि मधलं बोट मनगटावर अंगठ्याच्या बाजूला, हाडाच्या आतल्या खोबणीत हलकं ठेवायचं. अंगठ्याने मोजायचं नाही, कारण अंगठ्यात स्वतःचा ठोका लागतो आणि गल्लत होते. मानेवर मोजायचं तर एकाच बाजूला आणि अगदी हलक्या हाताने. तिथे जोर दिला तर नाडी आपोआप मंदावते आणि चक्करही येऊ शकते. बसल्या जागी पूर्ण मिनिट मोजावं. पळून थांबल्यावर मिनिटभर मोजलं तर त्या मिनिटातच नाडी उतरलेली असते, म्हणून दहा सेकंद मोजून सहाने गुणायचं. त्यात एक ठोका चुकला की उत्तर सहाने चुकतं. पहिल्या आठवड्यात माझे आकडे काहीच्या बाही यायचे. घाम, धाप, कानात स्वतःचाच श्वास, आणि बोटाखाली काही सापडत नाही. मग लेक सेकंद मोजायची आणि मी ठोके.

घड्याळाची एक खोडही तेव्हा कळली. एका सकाळी दुसऱ्याच फेरीला, रमतगमत पळत असताना, घड्याळाने १६६ दाखवलं. मी थांबून बोटाने मोजलं तर १२६. दोन दिवस हेच. शेवटी लेकीने माझ्या मागून पळत माझी पावलं मोजली. मिनिटाला १६६! घड्याळ हिरवा प्रकाश कातडीत सोडून रक्ताची भरती-ओहोटी वाचतं. पट्टा सैल असला, मनगट घामाने निसरडं झालं की दर पावलाला हात हलतो त्यालाच ते ठोका समजतं. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधला तेव्हा आकडे बरेच सुधारले. तरी मी आजही बोटानेच ताडून पाहतो.

दोनशे पानी वही आणली. चार रकाने आखले: उठताना, थांबताना, एका मिनिटाने, पाच मिनिटांनी. एका पानावर मी, समोरच्या पानावर लेक.

माझे आकडे महिनाभरात सुधारले. सकाळी अंथरुणातून उठण्याआधीची नाडी ७४ वरून ६८ वर आली, पहिल्या मिनिटातली सरासरी उतरण २० वरून २८ वर गेली. तिच्या पानावर मात्र काही हलत नव्हतं. सकाळची नाडी ९२, ९०, ९३. थांबताना सरासरी १९६, एका मिनिटाने १८०, पाच मिनिटांनी १३२. तिच्याच वयाची दुसरी मुलगी, तिच्याच फेऱ्या मारून, पाच मिनिटांनी ११० च्या खाली यायची. १,६०० मीटरची वेळ १० मिनिटं ५० सेकंदांवर अडकली होती. तीन आठवडे सरले तरी दहा सेकंदही कमी होईनात.

इथे माझ्याकडून जे झालं ते लिहिलंच पाहिजे. मी तिला बोललो. रात्री मोबाईल बघतेस, झोपत नाहीस, मनापासून पळत नाहीस, चौथ्या फेरीला सोडून देतेस. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पुन्हा आठ फेऱ्या मारल्या, ओठ पांढरे पडेपर्यंत. घरी आली तेव्हा माझी आई ओट्याजवळ भाजी निवडत बसली होती. आई अजून अहिराणीतच बोलते. नातीकडे बघून ती म्हणाली, "पोरनं तोंड पांढरं फटक दिखी ऱ्हायनं. तुले दिखत नही का?"

वीस वर्षं विज्ञान शिकवून मला जे दिसलं नाही ते आईला नुसत्या नजरेने दिसलं. मी वही उचलली, लेकीला घेतलं आणि संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिच्या पानावरून बोट फिरवलं, तिची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि रक्त तपासायला दिलं. हिमोग्लोबिन ८.९ निघालं. बाईमाणसाचं १२ च्या वर हवं.

आता त्या चार रकान्यांचा अर्थ लागला. ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिनच कमी, तर तेवढाच ऑक्सिजन स्नायूंना पोचवायला हृदयाला जास्त खेपा कराव्या लागतात. म्हणून बसल्या जागी ९२. म्हणून थांबल्यावरही नाडी उतरायला मागत नव्हती. स्नायूंची उधारी फेडायला तिचं हृदय पाच-पाच मिनिटं धावत होतं. पोरगी कामचुकारपणा करत नव्हती. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कष्ट ती रोज करत होती आणि मी तिला बोल लावत होतो. त्या रात्री मी तिची माफी मागितली. "असू द्या ना, पप्पा," एवढंच ती म्हणाली.

ही गोष्ट आमच्या एकट्या घरातली नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी निघाल्या. गुजरातमध्ये हे प्रमाण ६५ टक्के, महाराष्ट्रात ५४. म्हणजे आमच्या प्लॉटवर दहा मुली पळत असतील तर त्यांतल्या सहा अशाच अर्ध्या रक्तावर पळत असण्याची शक्यता आहे, आणि त्यांच्या पाठीशी उभा असलेला बाप किंवा भाऊ त्यांना जोर लाव, जोर लाव म्हणून ओरडत असेल.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळी चहाबरोबर किंवा चहानंतर लगेच घ्यायची नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. चहातल्या घटकांमुळे लोह नीट अंगी लागत नाही. आमच्या घरात दिवसाची सुरुवातच चहाने होते, त्यामुळे हेच सगळ्यांत अवघड गेलं. गोळी लिंबूपाण्याबरोबर दुपारी, चहा त्यापासून दोन तास लांब. बायकोने डब्यात मेथी, गूळ-शेंगदाणे, कळण्याची भाकरी वाढवली. महिनाभर पळणं बंद, फक्त चालणं. लेकीला तो महिना फार जड गेला. भरती जवळ येत होती आणि बाकीची पोरं तिच्या डोळ्यांदेखत फेऱ्या मारत होती. पण वहीत सकाळचा आकडा उतरताना दिसत होता: ८८, ८४, ८१. ऑगस्टमध्ये तिने हळूहळू पुन्हा सुरुवात केली. सप्टेंबरअखेर हिमोग्लोबिन ११.६, सकाळची नाडी ७२, आणि १,६०० मीटर ९ मिनिटं २८ सेकंदांत. हिमोग्लोबिन वर आलं तरी गोळ्या आणखी तीन महिने चालूच ठेवल्या, कारण शरीरातला साठाही भरावा लागतो.

त्या पावसाळ्यात वहीने आणखी काही शिकवलं. सुरतेची हवा एरवीही दमट, जून-जुलैत तर अंगावरचा घाम वाळतच नाही. घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. मग शरीर जास्त रक्त कातडीकडे पाठवतं, घामावाटे पाणीही जात असतं, आणि उरलेल्या रक्तावर काम भागवायला हृदय ठोके वाढवतं. माझा वेग तोच, फेऱ्या त्याच, पण जुलैत माझी नाडी पुढच्या डिसेंबरपेक्षा दहा-बारा ठोके वर असायची, आणि पहिल्या फेरीपेक्षा आठव्या फेरीला उगाचच चढलेली. आधी मला वाटलं तब्येत ढासळतेय. वहीत तारखेपुढे हवा लिहायला लागलो तेव्हा उलगडा झाला.

ऑगस्टमधल्या एका सकाळी माझी उठतानाची नाडी ६५ ऐवजी ७८ आली. काही दुखत नव्हतं, खोकला नाही, काही नाही. पळायला गेलो नाही, शाळेत गेलो. चौथ्या तासाला अंग कसकसायला लागलं आणि संध्याकाळी १०२ ताप. ताप एक अंश सेल्सिअसने चढला की नाडी साधारण दहाने वाढते, हे पुस्तकात वाचलेलं. ती तापाच्या आधीच चाहूल देते हे मनगटाने सांगितलं.

माझा मेहुणा मिलमध्ये रात्रपाळीला असतो. आमचं बघून तोही उत्साहाने आला, सकाळी सातला पाळी सुटल्या सुटल्या, डबा हातात घेऊनच. मी त्याची नाडी आधीच मोजली. पळण्याआधीच ९८. बारा तास उभ्याने काम, मिलची गरमी, रात्रीत सहा चहा. मी त्याला म्हटलं, "दाजीचं ऐक, घरी जाऊन झोप." तो नाराज झाला, पण गेला. आता तो आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, झोप झाल्यावर संध्याकाळी येतो. त्याच सुमाराला, ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये, झारखंडात उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत दहा किलोमीटरच्या धावण्यादरम्यान आणि त्यानंतर दहाहून अधिक उमेदवार दगावले. ती बातमी मी प्लॉटवर मोठ्याने वाचून दाखवली. कुणी काही बोललं नाही. गरीब घरची पोरं होती तीही, आमच्यासारखीच, एका नोकरीसाठी पळणारी.

त्या दिवसापासून आमच्या प्लॉटवर काही गोष्टी ठरून गेल्या. शेवटची फेरी झाली की कुणी बसायचं नाही, झोपायचं नाही. एक फेरी चालायची. थांबल्यावर दहा सेकंद, मग एका मिनिटाने पुन्हा दहा सेकंद बोटाने मोजायचं. शिट्टी मी वाजवतो. सकाळची नाडी नेहमीपेक्षा दहाने जास्त असेल त्या दिवशी वेळ लावून पळायचं नाही. पळताना छातीत दुखलं, शुद्ध हरपली, ठोके मध्येच अडखळल्यासारखे वाटले, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय प्लॉटवर पाऊल ठेवायचं नाही. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी फारशी वर जात नाही, तेव्हा माझ्या वयाच्या लोकांनी गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांपुढे ठेवून मगच या आकड्यांकडे बघावं.

जानेवारी २०२५ मध्ये लेकीची मैदानी परीक्षा झाली. पालकांना आत सोडत नव्हते. मी फाटकाबाहेर थंडीत उभा होतो. दीड-दोन तासांनी ती बाहेर आली, आणि वेळ सांगायच्या आधी म्हणाली, "पप्पा, एका मिनिटात छत्तीस उतरली." मग म्हणाली, ९ मिनिटं ४ सेकंद. पुढे लेखी परीक्षेत थोडे गुण कमी पडले. पुढच्या भरतीची तयारी चालू आहे, आणि वहीही तिसरी चालू आहे.

हे वाचणाऱ्या प्रत्येक आईबापाला माझी हात जोडून विनंती आहे. तुमची मुलगी पळताना मागे पडत असेल, लवकर दमत असेल, थांबल्यावर बराच वेळ तिची धडधड जात नसेल, तर तिला बोलण्याआधी तिचं रक्त तपासून घ्या. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन मोफत तपासतात आणि लोहाच्या गोळ्याही मोफत मिळतात.